ओढ्याकडच्या चार ओळी

काल रात्री पारावर जोरात वाजलं, विषय ब्लोअरचा, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या पंख्याच्या फवारणी यंत्राचा. पाऊस पडून गेला की आमच्या निफाडच्या द्राक्षपट्ट्यात डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं सगळ्यांचे ट्रॅक्टर एकदमच बागेत शिरतात, ते साहजिक आहे, पण ओढ्याला लागून असलेल्या बागांतला फवारा सरळ पाण्यावर जातोय आणि खाली त्याच ओढ्याकाठी गावाची पाण्याची विहीर आहे.

भाऊ म्हणे, "मी पहाटेच मारतो, पान हलत नाही तेव्हा, माझं कुठं उडणार?" म्हटलं भाऊ, तिथंच तर गोची आहे. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते, बारीक तुषार वर जाऊन विरत नाहीत, तसेच तरंगत उताराला लागतात, आणि आपला उतार ओढ्याकडंच. चुलींचा धूर गावावर आडवा पसरलेला दिसला की पंप काढायचाच नाही, ऊन येऊन हलका वारा सुटू द्या, तोही ओढ्याकडून बागेकडे.

पक्याला पटेना, थेंब जाऊन जाणार किती लांब म्हणे. अरे 100 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब 10 फुटांवरून खाली यायला 10 सेकंद घेतो, ताशी 5 किलोमीटरची झुळूक असली तरी तेवढ्यात 45 फूट सरकतो, आणि आपण प्रेशर वाढवून तो अजून बारीक करतो.

भाऊ तापले, "जाड थेंबानं घडात औषध जात नाही, माल गेला तर तू भरून देणार?" हे खरंय त्यांचं. पण सगळ्या बागेचं कोण म्हणतंय, ओढ्याकडच्या चार ओळींपुरतं प्रेशर कमी करा, जाड थेंबाचं नोझल लावा, शेवटची ओळ बाहेरून आत मारा आणि ओढ्याच्या अंगाच्या नोझलांचा कॉक बंद ठेवा. आणि ते वळणं! ओळ संपली तरी फवारा चालूच ठेवून पोरं ट्रॅक्टर वळवतात, ते पांढरं धुकं थेट पाण्यावर, जीव तुटतो बघून. थ्रिप्सला, म्हणजे फुलकिड्यांना मारतो ते लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन कीटकनाशक ओढ्यातल्या माशांना किती जहाल आहे!

आप्पा म्हणाले कडेला शेवरी लावा दाट, बरंचसं तिथंच अडेल. भाऊ लगेच, "सावली पडते वेलींवर." आप्पांनी तिथंच गाठलं, "तुझा ओढा उत्तरेला, थंडीत सावली ओढ्यातच पडणार ना?"

शेवरीचं बघू म्हणाले भाऊ, कॉकचं मात्र पोराला उद्याच सांगतो म्हणाले. वरच्या अंगाच्या दोन बागावाले काल आलेच नव्हते, त्यांना गाठायचं राहिलंय.