फोटोतला हिरवा आणि डोळ्यांना दिसणारा उजेड
भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात चमकणाऱ्या बुरशीवरचा लेख फार आवडला, पण एक गोष्ट सांगायची राहिली. फोटोतला तो हिरवागार उजेड नुसत्या डोळ्यांना तसा दिसत नाही. अंधाराला डोळे सरावायला २०-३० मिनिटं लागतात, मग कुठे कुजक्या फांदीवर फिकट, दुधट रेघ उमटते. कॅमेऱ्याचं शटर ३० सेकंद उघडं राहतं म्हणून रंग येतो. ट्रायपॉड हवाच, टॉर्च बंद.

आमच्यातल्या एकाने तशी काटकी पिशवीत घालून आणली. घरी नुसतं वाळकं लाकूड! ओल गेली, उजेड गेला. कृपा करून उचलू नका हो.

आणि दिवसा कुत्र्याच्या छत्र्या टिपताना जमिनीवर आडवं व्हा. छत्रीखालच्या पातळ पापुद्र्यांची नक्षी उभ्याने दिसतच नाही.