परदेशातून : घरात आनंदी राहायचं, पण कशाच्या जोरावर?

2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला आला आणि देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवसही तोच होता. त्यामुळे पाडवा आला की आमच्या नाशिकच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हटकून तोच वाद निघतो. काही जण म्हणतात, किती छान दिवस होते ते! सगळे एकत्र जेवायला बसायचे, मुलं चित्रं काढायची, धूळ खात पडलेली पेटी बाहेर निघाली, घरोघरी डालगोना कॉफी फेटली गेली. त्यावर कोणीतरी चिडून विचारतं, तेव्हा आग्रा रोडने बायकापोरांना घेऊन उन्हात चालत निघालेली माणसं तुम्हाला दिसलीच नाहीत का?

मी मेलबर्नला राहते. या शहरात सहा वेळा मिळून 262 दिवस लॉकडाऊन होता, म्हणून हा वाद माझ्याही घरातला आहे. मला वाटतं, घरात बंद असताना मन रमवणं, हाताने काही करत राहणं ही चैन मुळीच नाही, ती गरज आहे. आणि गरज म्हटली की तिची सोय लावावी लागते. ‘सकारात्मक राहा’ असा मेसेज पुढे ढकलला म्हणजे सोय होत नाही.

ऑगस्ट 2020 मध्ये इथले नियम फार कडक झाले. रात्री 8 ते पहाटे 5 संचारबंदी, घरापासून 5 किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, व्यायामाला दिवसातून एक तास. पण तो एक तास नियमातच लिहिलेला होता, त्यासाठी कोणापुढे हात जोडावे लागत नव्हते. त्या तासाभरात आमच्या भागातल्या मुलांनी लाकडी चमच्यांची गावं वसवली. स्वयंपाकातला साधा लाकडी चमचा घ्यायचा, त्याला डोळे-नाक रंगवायचं, लोकरीचे केस चिकटवायचे, चिंधीचा झगा घालायचा आणि फुटपाथच्या कडेला मातीत रोवायचा. दुसऱ्या दिवशी शेजारी आणखी तीन उभे दिसायचे. एका चमच्याला कोणीतरी इवलासा मास्क शिवला होता, त्याचे बंदसुद्धा नीट दुमडून टाचलेले. आमच्या गल्लीतल्या एक एकट्या आजी रोज येऊन त्या गावात कोण नवीन आलंय ते बघायच्या. मुलांनी घरात बसून केलेली ती वस्तू दाराबाहेर गेली, अनोळखी माणसाच्या नजरेस पडली, म्हणून त्यात जीव आला.

याच शहराची दुसरी बाजूही सांगायला हवी. 4 जुलै 2020 ला फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नमधल्या सरकारी घरांच्या नऊ उंच इमारती पूर्वसूचना न देता बंद केल्या गेल्या. आत सुमारे तीन हजार माणसं आणि खाली पोलीस. पुढे राज्याच्या लोकपालांनी चौकशी करून सांगितलं की, असं तडकाफडकी कोंडणं मानवी हक्कांशी सुसंगत नव्हतं. लहान फ्लॅटमध्ये दाटीवाटीने राहणाऱ्या त्या कुटुंबांना कोणी छंद जोपासायला सांगितलं असतं, तर ते क्रूर वाटलं असतं. नाशिकच्या सिडकोतल्या किंवा सातपूरच्या एका खोलीतल्या पाच माणसांनाही तो उपदेश तसाच लागला असणार.

नाशिकला पहिल्या लॉकडाऊनमध्ये फिरायला तो एक तास नव्हता. मैदानं बंद, गोदाघाट बंद, सकाळी पाय मोकळे करायला निघालेल्याला पोलीस अडवायचे. उरली गच्ची. इंदिरानगरला राहणारी माझी मावशी दर उन्हाळ्यात कुरडया करते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो शिजवून गरम गरम सोऱ्यातून घालायचा. हे काही एकटीचं काम नाही. चीक घाटायला एक, सोऱ्या दाबायला एक, उन्हात कागद धरायला एक, अशा चारचौघी लागतात. त्या वर्षी त्या चारचौघी आपापल्या गच्चीवर उभ्या राहून एकमेकींना ओरडून विचारत होत्या, ‘अगं, चीक घट्ट झाला का गं?’ मावशी फोनवर मला म्हणाली, ‘कुरडया बिघडल्या तरी चालतील, आवाज तर ऐकू आला.’

एप्रिल-मेमध्ये कसारा घाट चढून आलेली माणसं पाथर्डी फाट्यावरून पुढे मालेगाव-धुळ्याकडे चालत होती. मावशीच्या सोसायटीतली मुलं घरोघरी जाऊन पोळ्या गोळा करून तिकडे न्यायची. प्रत्येक घराने रोज वीस पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी द्यायची असं ठरलं. मावशीने हळूहळू सोबत गुळाच्या वड्या द्यायला सुरुवात केली. लहान मुलांसाठी कागदाच्या पुड्या, पुडीवर एक फूल काढलेलं. ती म्हणते, दिवसभरात तिला बरं वाटायचं ते त्या पुड्या बांधताना.

म्हणून चिडणाऱ्या माझ्या भावंडांना मी म्हणते, तुमचा राग खरा आहे, पण चित्र काढणाऱ्यावर तो काढू नका. मजुरांवर चालत जायची वेळ आली कारण काम थांबलं, मजुरी थांबली आणि रेल्वे बंद होती. नाशिकरोडहून भोपाळला पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली ती 1 मेच्या रात्री, लॉकडाऊन लागून पाच आठवडे उलटल्यावर. इथे ऑस्ट्रेलियात सरकारने काम थांबलेल्यांना कंपन्यांमार्फत पंधरवड्याला 1,500 डॉलर दिले, म्हणून लोकांना घरी बसणं जमलं. तात्पुरत्या व्हिसावरच्या आपल्या विद्यार्थ्यांना मात्र त्यातलं काही मिळालं नाही, त्यांचे डबे ओळखीच्या घरांतून जात होते. चूल पेटायची खात्री असली तर माणूस पेटीवर हात ठेवतो.

आणि ‘छान दिवस होते’ म्हणणाऱ्या काकांना मी विचारते, त्या एकत्र जेवणांची भांडी कोण घासत होतं? धुणं-भांडीवाल्या मावशींना सोसायटीच्या फाटकातून आत सोडत नव्हते, घरात सगळे चोवीस तास आणि रोज नवा पदार्थ हवा. काकूची त्या काळातली आठवण काकांच्या आठवणीसारखी नाही, तिला एकदा शांतपणे विचारा. पगार न कापता त्या मावशींना घरी बसू देणारी कुटुंबंही होती, हेही मला माहीत आहे, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पुढची साथ कधी येईल कोणास ठाऊक, पण नाशिकने आताच काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात असं मला कळकळीने वाटतं. प्रत्येकाला रोज बाहेर पडायला एक तास. वाचनालयाची पुस्तकं घरपोच. मेलबर्नला आमच्या भागात ती मिळाली. आणि सगळ्यात आधी, एकट्या राहणाऱ्याला एक माणूस. सप्टेंबर 2020 पासून मेलबर्नमध्ये एकटं राहणाऱ्याला एका व्यक्तीचं नाव ठरवता येत होतं आणि ती व्यक्ती कायदेशीरपणे घरी येऊ शकत होती. गंगापूर रोडच्या किती फ्लॅटमध्ये मुलं परदेशात असलेले आई-बाप एकटे आहेत, ते आपण सगळे जाणतो. माझे बाबा त्यातलेच. ऑस्ट्रेलियाच्या सीमा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या आणि नोव्हेंबर 2021 पर्यंत मला सहज निघता येत नव्हतं. त्या काळात वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी काका रोज संध्याकाळी जिन्याने खाली यायचे आणि दोघं दाराच्या आत-बाहेर खुर्च्या टाकून बुद्धिबळ खेळायचे. सोसायटीच्या नोटिशीप्रमाणे तेही चालत नव्हतं. ते चालायला हवं, आणि तसं आधीच लिहून ठेवलेलं असायला हवं.