वॉटसन हॉटेल: आठवणी पुरे, आधी सांगाडा तपासा

काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनचा, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलचा विषय निघाला की गाडी लगेच दोन गोष्टींवर येते. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलचित्रं इथे दाखवली गेली आणि त्याच वर्षी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता. दोन्ही खरं आहे. पण त्यासाठी भिंतीवर एक फलक पुरतो, आणि तो तशाच दिसणाऱ्या नव्या इमारतीवरही लावता येईल. वॉटसन पाडू नये याचं खरं कारण तिचा लोखंडी सांगाडा आहे. तो एकदा भंगारात गेला की गेला.

हा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, सुटे भाग जहाजाने मुंबईत आणले आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडले. आराखडा इंग्रज अभियंते रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छताशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. शिकागोच्या होम इन्शुरन्स बिल्डिंगला पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात, ती १८८५ ची. म्हणजे त्याच्या दीड दशक आधी मुंबईत बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या खांबांवर मजले चढले होते, आणि तेही दर्शनी भागात लोखंड उघडं ठेवून. त्याच रस्त्यावरची डेव्हिड ससून लायब्ररी दगडी भिंतींवर उभी आहे. इथे भिंती फक्त खांबांमधली जागा भरतात, भार लोखंड घेतं. बांधकाम शिकणाऱ्या पोरांना हा फरक एकाच रस्त्यावर दाखवता येतो, अशा जागा देशात किती असतील?

मग बिघडलं कुठे? हॉटेल बंद झालं, खोल्यांचे गाळे पडले, कोर्टाजवळची जागा म्हणून वकिलांची ऑफिसं आली. अशा इमारतींत पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. लाकडी तक्तपोशीवर चार इंच कोबा टाकला की दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वाढतात. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली साडेचार इंची विटांची भिंत, तीन मीटर उंच, दर मीटर लांबीला पाऊण टन भरते. हजार लिटरची टाकी भरली की एक टन. वर पोटमाळे, नवी न्हाणीघरं आणि त्यांची गळती. तुळईचं टोक भिंतीत जिथे घुसतं तिथे ओल मुरते, गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, म्हणून तो वीटकाम आतून फोडतो. त्या फटी सिमेंटने बुजवल्या की ओल आतच कोंडते. २००५ मध्ये दर्शनी भाग कोसळून माणूस दगावला. त्यानंतरही दुरुस्ती रखडली, हे अक्षम्य आहे.

२०१९ मध्ये इमारत रिकामी केली आणि आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडावी अशी शिफारस आली. धोका खोटा नव्हता, माणसं बाहेर काढणं बरोबरच होतं. पण ‘धोकादायक’ आणि ‘दुरुस्तीपलीकडची’ यांत मोठं अंतर आहे, आणि ते प्रत्येक खांब वेगळा तपासूनच ठरतं. आरसीसीच्या, म्हणजे सळईच्या काँक्रीटच्या रोजच्या चाचण्या, ठोका मारून काँक्रीटचा कडकपणा बघणारा रिबाउंड हॅमर वगैरे, इथे कामाच्या नाहीत. बीडाचा पोकळ खांब ओतताना साच्यातला गाभा, ज्याने पोकळी राहते, तो सरकतो. मग एक बाजू जाड होते, दुसरी पातळ. म्हणून प्रत्येक मजल्यावर खांबाची जाडी चारही बाजूंनी मोजायची. ध्वनिलहरींनी जाडी मोजणारा अल्ट्रासॉनिक मीटर बीडात फसवतो, कारण आतलं ग्रॅफाइट ध्वनी विखुरतं. त्यामुळे काही ठिकाणी बारीक भोक पाडून त्या मापाशी मीटर जुळवावा लागतो. खारट दमट हवेत आणखी एक रोग होतो: लोखंड झिजून जातं, ग्रॅफाइट तसंच राहतं. खांब वरून शाबूत दिसतो, पण चाकूने खरवडला की पेन्सिलच्या शिशासारखा काळा भुगा येतो. घडीव लोखंडाची तुळई वाकून सूचना तरी देते, बीड एकदम तडकतं. त्यामुळे नुसत्या नजरेवर निकाल देऊ नये, पाडण्याचाही नाही आणि टिकवण्याचाही.

दुरुस्तीत पहिलं काम भार उतरवण्याचं: टेकू लावून वरच्या मजल्यापासून कोबा, पोटमाळे, विटांच्या आडभिंती, टाक्या काढायच्या. नंतर तुळयांची टोकं उघडी करायची. बीडाला साधं वेल्डिंग करू नये, उष्णतेने शेजारीच नवी चीर जाते. चिरेला आडवी भोकं पाडून त्यात धातूच्या चाव्या ठोकतात, त्याला मेटल स्टिचिंग म्हणतात. ज्या खांबात जीवच उरला नाही तो बदलावा, त्यात कमीपणा नाही. भरावाच्या भिंती चुन्यातच रचाव्यात. लोखंड साफ करून कामाच्या त्याच पाळीत प्रायमर लावायचा, मुंबईच्या हवेत रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी परत तांबूस झालेलं दिसतं.

गाळेधारकांचं कोणी बोलत नाही. ज्याला परत येण्याची खात्री नाही तो कोर्टात जाणारच, आणि काम तारखांत अडकणारच. प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोजून परतीचा हक्क लेखी द्या, सोबत खांबनिहाय तपासणीचा तक्ता सगळ्यांसमोर ठेवा. किती खांब बदलावे लागतील आणि त्याला किती पैसे लागतील, हे आकडे हातात आल्याशिवाय पाडण्याचा विषय टेबलावर येताच कामा नये.