फेडर खाली म्हणजे माईक बंद? नाही, दादा

दादा, साउंडच्या कामात तुमची बावीस वर्षं आणि माझी नऊ, तेव्हा आधी नमस्कार. म्यूटवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, त्याला हे उत्तर. तुमचं म्हणणं असं की फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) खाली ओढला की माईक बंद, मग म्यूटच्या बटणाचं एवढं पुराण कशाला? शिवाय म्यूट विसरून घोळ होतात. आणि तुमच्या छोट्या मिक्सरवर म्यूट दाबूनही आवाज येतो, म्हणजे ‘म्यूट केलं की चॅनल (मिक्सरवरची त्या माईकची लाइन) गप्प’ हे मी लिहिलेलं खोटं.

पहिलं मला मान्य नाही. फेडर खाली गेला की हाऊस, म्हणजे प्रेक्षकांकडचे स्पीकर, बंद होतं. स्टेजवरचा मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, मात्र बहुधा प्री-फेडर ऑक्सवर (फेडरच्या आधीच फुटणाऱ्या वेगळ्या वाटेवर) असतो, त्याला फेडरचं काही देणंघेणं नसतं. एका भावगीतांच्या कार्यक्रमात मध्यंतराला गायिकेचा फेडर तळाला नेऊन मी चहाला गेलो. बाईंनी माईकसमोर उभ्याउभ्याच तबलजींना विचारलं, ‘पाकीट मिळालं का हो?’ हाऊसमध्ये चिडीचूप, पण मॉनिटरमधून पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांना स्वच्छ ऐकू गेलं. तिथल्या एक्स-३२ या डिजिटल मिक्सरवर चॅनल म्यूट केलं असतं तर मॉनिटरकडे जाणारा सेंडही तुटला असता. डीसीए (अनेक चॅनल एकत्र कमीजास्त करणारा फेडर) खाली ओढूनही हीच गत होते बरं का, तो म्हणजे लांबून हलवलेला फेडरच.

म्यूट विसरलं की निवेदनाचं पहिलं वाक्य जातं, हे मात्र खरं. माझंही गेलंय. पण म्यूट असतानाही पीएफएल (फेडरच्या आधीचा आवाज फक्त स्वतःला ऐकवणारं बटण) दाबून हेडफोनवर माईक ऐकता येतो, इनपुटचं मीटरही हलतं. निवेदिका विंगेत आली की मी तेवढं बघून घेतो. खरी फसगत होते डेस्क, म्हणजे मिक्सर, बदललं की: यामाहावर ‘ऑन’चा दिवा लागला म्हणजे चॅनल चालू, इतर बऱ्याच डेस्कवर म्यूटचा लाल दिवा लागला म्हणजे चॅनल बंद. भाड्याचं डेस्क आयत्या वेळी समोर आलं की भलेभले चुकतात.

छोट्या मिक्सरबद्दल चूक माझी. बेहरिंगर कंपनीच्या काही झेनिक्स मिक्सरवर आणि मॅकीच्या जुन्या छोट्या मिक्सरवर त्या बटणाशी ‘म्यूट / ऑल्ट ३-४’ असं लिहिलेलं असतं. तिथं चॅनल गप्प होत नाही, मेन म्हणजे मुख्य आउटपुटमधून निघून ऑल्ट ३-४ या दुसऱ्या आउटपुटकडे वळतं. लेख लिहिताना माझ्या डोक्यात मोठी डेस्कच होती, आता तिथं दुरुस्ती केली आहे. तुम्ही मॉडेल लिहिलं नाहीत, पण बटणावर हे शब्द असतील तर ऑल्टच्या सॉकेटला कुणी काय जोडून ठेवलंय ते आधी बघा.