नऊ जणांचं टेबल

"बुकिंग घेत नाही."

हॅलो नाही, नमस्कार नाही, हॉटेलचं नावसुद्धा नाही. मी नुसतं "शनिवारी दुपारी नऊ जणांसाठी" एवढंच म्हणाले होते. तरी मी गोड आवाज काढला. "अहो, मग काय करायचं?" "यायचं, नाव लिहायचं, थांबायचं." "साधारण किती वेळ?" "ते मी कसं सांगणार? आतले उठतील तेव्हा." "सासूबाई आहेत हो बरोबर, सत्तरीच्या." "बाहेर बाकडं आहे." "नऊ जण एकत्र बसतील ना?" "चार-चारची टेबलं आहेत." "म्हणजे आठ झाले. नववा?"

"मॅडम, गिऱ्हाईकं उभी आहेत," म्हणाला आणि फोन आपटला. हो, आपटला. लँडलाइनचा रिसीव्हर आपटल्याचा आवाज किती वर्षांनी ऐकला.

मी तेव्हापासून धुमसतेय. बुकिंग नको घेऊस बाबा, तुझं हॉटेल आहे. पण नवव्या माणसाचं काय करायचं ते तरी सांग! त्याला काय घरी ठेवून येऊ?

नणंद येतेय नागपूरहून. ती, तिचे यजमान, दोन मुलं, दीर, जाऊ. इकडून आम्ही दोघं आणि सासूबाई. शनिवार-रविवार, दोनच दिवस, "पुणं दाखव न वहिनी नीट, दरवेळी घाईत होते." कबूल. पण हे नीट दाखवायचं काम माझ्याकडे कसं आलं ते विचारा. बहीण नवऱ्याची. नवरा जन्मला सदाशिव पेठेत. मी आले मिरजेहून लग्न करून. तरी याचं उत्तर काय, "तूच बघ ना, तुला बरं जमतं." याला काय जमतं? ग्रुपवर अंगठा दाखवायला.

त्या ग्रुपबद्दल तर बोलूच नका. भाच्यानं रील टाकलंय, एका दिवसात पुण्यातली सतरा ठिकाणं. त्यात सिंहगडावर झुणका-भाकर खाऊन पुढच्या सेकंदाला बाई आगाखान पॅलेसच्या हिरवळीवर गिरकी घेतेय. अरे, सिंहगड शहराच्या नैर्ऋत्येला आणि आगाखान पार नगर रोडला! आणि रविवारी सिंहगडाचा घाट म्हणजे गाडी कमी आणि क्लच जास्त. शिवाय जिथे कस्तुरबा 1944 साली नजरकैदेत असताना वारल्या, महादेवभाई देसाई गेले, जिथे दोघांच्या समाध्या आहेत, तिथे गिरकी? मला रील या प्रकाराचाच राग आहे, मान्य. सगळ्यांना कुठे जायचंय ते माहीत असतं, गाडी कुठे लावायची ते कुणालाच माहीत नसतं.

भाचीला शनिवारवाड्यात आरसेमहाल बघायचाय, सिनेमातला. तिला लिहिलं, बाळा, वाडा 1828 च्या आगीत जळाला. आता तट आहे, दिल्ली दरवाजा आहे, त्याचे खिळे आहेत, आत जोती आणि हजारी कारंजं आहे. यावर तिचं उत्तर, "मग तिकीट कशाचं?" काय सांगू? तिकीट "काका मला वाचवा"चं. नारायणराव 1773 मध्ये गेले, अजून त्यांच्या किंकाळीवर आम्ही पाहुणे घुमवतोय. मस्तानीचं काही बघायचंच असेल तर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल मांडलाय, तिकडे नेते म्हटलं. तर तिच्या बाबांचा प्रश्न, "तिथं मस्तानी प्यायला भेटते का?"

आणि गाडी! नणदेचे यजमान सात सीटरची भाड्याची गाडी घेऊन शनिवारवाड्यापर्यंत जाणार म्हणतात. मी म्हटलं मेट्रोनं जाऊ. वनाजहून बसायचं, सिव्हिल कोर्टाला बदलायचं, पुढचंच स्टेशन कसबा पेठ, त्याच्या पुढचं मंडई. 2024 च्या सप्टेंबरपासून ही पेठेखालून धावणारी गाडी आहे, घाम न गाळता दगडूशेठच्या दारात. तर म्हणे, "गाडी असताना मेट्रो काहून वो?" काहून? कारण पेठांतल्या रस्त्यांवर कुठे कुठे सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला लावायचं तुम्हाला कळेपर्यंत टेम्पोवाले गाडी उचलून घेऊन जातील, आणि दंड भरायला माझा नवराच जाईल, अंगठा दाखवत.

मागच्या दिवाळीतही हेच झालं होतं. मी पर्वती ठरवली, संध्याकाळची. 103 पायऱ्या आहेत हे मी आधी सांगितलं होतं, ग्रुपवर लिहूनसुद्धा. तिसाव्या पायरीवर जाऊबाई बसल्या आणि म्हणाल्या, "सांगायचं न आधी." ते मी विसरलेले नाही.

पण मुख्य प्रश्न जेवणाचा. "साधं, घरगुती, पुणेरी ताट पाहिजे," ही एकमुखी मागणी. आता साधं घरगुती मिळण्याची जी मोजकी ठिकाणं उरलीत ती दुपारी ठरावीक वेळ उघडी, रविवारी संध्याकाळी बंद. सगळं शहर ज्या संध्याकाळी बाहेर जेवायला निघतं, नेमकं तेव्हा! राहिली शनिवारची दुपार. आणि शनिवारच्या दुपारचा मालक फोन आपटतो.

शेवटी काल मी तिरीमिरीत स्कूटर काढली. म्हटलं तोंडावर विचारते. दुपारी साडेबाराला पोचले, घशात भांडण तयार. बाहेर तीसेक माणसं. दाराशी खिळ्याला एक शाळेची दोनशे पानी वही टांगलेली, तिला सुतळीनं बांधलेलं पेन, पेन कसलं, नुसती रिफिल. कुणी नाव लिहायला घेतलं की वही हलायची आणि रिफिल दुसऱ्याच पानावर ओरखडा काढायची. एकानं "जोशी 6" लिहिलं होतं, त्याखाली दुसऱ्यानं "जोशी 6 (दुसरे)". मला हसू आलं, ते मी दाबलं. भांडायला आले होते ना.

गल्ल्यावर तोच आवाज बसला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं वर न बघता विचारलं, "एकट्या?"

मी म्हणाले, "हो, पण..."

"मग बसा की. ते तिघं आहेत तिथे, चौथी खुर्ची रिकामी आहे."

आणि मी बसले. बाहेर तीस माणसं ताटकळत असताना मी आत, एका अनोळखी कुटुंबाच्या टेबलावर. म्हणजे नववा माणूस कुठे बसतो ते मला कळलं. तो सगळ्यांच्या आधी बसतो.

पुढचं लिहायला लाज वाटते. वाढप्यानं ताट ठेवलं, डावीकडे मीठ, लिंबू, पंचामृत, कोशिंबीर, उजवीकडे अळूची पातळ भाजी. त्यात शेंगदाणे आणि मुळ्याच्या चकत्या, आंबट-गोड बरोबर. मी रागानं खायचं ठरवलं होतं. रागानं दोन वाट्या अळू खाल्लं. रागानं मसालेभातावर तूप घेतलं. मठ्ठा मागून घेतला, तोही रागानं. समोरच्या आजी म्हणाल्या, "जिलबी घ्या हो, गरम आहे," तर ती पण घेतली. भांडणाचं सगळं वाक्य घशात होतं, ते जिलबीबरोबर खाली गेलं.

निघताना तरी बोलायचं म्हणून गल्ल्याशी थांबले. "शनिवारी नऊ जण येणार आहोत," मी शक्य तितक्या करारी आवाजात. "साडेअकराला या, नाव लिहा," तो म्हणाला, सुटे मोजत. "बाकडं आहे." परवाचंच सगळं, पण भरल्या पोटानं ऐकलं तर तितकं लागत नाही, हे काय गौडबंगाल आहे कळत नाही. वर मीच त्याला "अळू छान होतं हो" म्हणून आले. मेलं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "झालं का बुकिंग?" मी म्हणाले, "पाहणी केली." त्यानं पदराकडे बघितलं, तिथे पंचामृताचा डाग होता. काही बोलला नाही. अंगठा दाखवला.

आत्ता रात्री ग्रुपवर नणदेचा मेसेज. यजमानांचा आणखी एक भाऊ काटोलहून बायकोला घेऊन येतोय, "घरचेच आहेत, अकरा धर."

धरले. चार, चार आणि तीन. निदान नववा एकटा पडणार नाही.