दोन स्टार देणाऱ्या साहेबांना गिरगावच्या वजनकाट्याच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

काटा मनासारखा चालला नाही, तुम्हाला मनस्ताप झाला, माफी मागतो. तुमचा अभिप्राय काल रात्री मुलाने वाचून दाखवला. न्यू जर्सीत घरच्या घरी रायफलची काडतुसं भरायला तुम्ही नुकतीच सुरुवात केली आहे, आमच्याकडून नेलेला काटा बंदुकीची दारू मोजताना 0.2 ग्रेनने (ग्रेन म्हणजे वजनाचं एक बारीक माप) मागेपुढे होतो, आणि दुकानदाराने ‘घाईघाईत भलताच काटा गळ्यात मारला’, असं तुम्ही लिहिलंय. माल खराब म्हणाला असतात तर ऐकून घेतलं असतं. पण गळ्यात मारला हे आजोबांच्या वेळेपासून आम्हाला कुणी म्हटलेलं नाही. रात्री जेवण गेलं नाही, खरंच सांगतो.

दुकान आठला बंद होतं. तुम्ही आलात तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, शटर अर्धं खाली होतं, गल्ला मोजून झाला होता. ‘परवा फ्लाइट आहे’ म्हणालात म्हणून मी शटर परत वर केलं. बाहेर तुमची टॅक्सी मीटर चालू ठेवून उभी होती. घाई त्या टॅक्सीची होती साहेब, आमची नव्हती. काय मोजायचंय, असं मी विचारलं. ‘आईचे दागिने वगैरे,’ तुम्ही म्हणालात. दारूचं नाव निघालं नाही. संकोच वाटला असेल, समजू शकतो. तरी मी दोन काटे समोर ठेवले होते: एक 10 मिलीग्रॅमचा, 2,400 रुपयांचा, दुसरा 1 मिलीग्रॅमचा, काचेच्या झाकणाचा, 9,500 रुपयांचा. दागिन्यांना पहिला पुरतो, हे मीच सांगितलं. दागिन्यांसाठी आजही तेच सांगेन.

आता 0.2 ग्रेनचं. ग्रेन आमच्या दुकानाला परका नाही. कंपनी सरकारचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 180 ग्रेनचा असायचा, आणि 96 गुंजांचा तोळा धरून आजोबांनी वजनं विकली आहेत. एक ग्रेन म्हणजे जवळपास 65 मिलीग्रॅम. तुमचा काटा 10 मिलीग्रॅमपेक्षा कमी फरक ओळखतच नाही, म्हणजे साधारण 0.15 ग्रेन. बटण दाबून ग्रेनवर नेलात तरी आकडा तेवढ्या उड्या मारतच जाणार. तुम्हाला जो बिघाड वाटला तो त्या काट्याचा एक घर पुढे, एक घर मागे आहे. 0.1 ग्रेन पकडायचा तर साडेसहा मिलीग्रॅम पकडावे लागतात, आणि ते त्या दुसऱ्या, काचेच्या झाकणाच्या काट्याचं काम. दारू म्हणाला असतात तर पहिला काटा मी कपाटातून काढलाच नसता.

अजून एक. काट्याबरोबर जुळवणीचं 100 ग्रॅमचं वजन येतं. तुमच्या काट्याचं वजन काउंटरवरच राहिलं. मी मागून हाक मारली, टॅक्सी निघून गेली होती. बिलावरच्या नंबरवर दोनदा फोन केला, उचलला गेला नाही. ते वजन क्षुल्लक नाही साहेब. पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितकी ती थोडी वाढते, म्हणून मुंबईत जुळवलेला काटा तुमच्याकडे थोडं जास्तच दाखवतो. फरक छोटा आहे, पण तिथे पोचल्यावर काटा त्याच टेबलावर पुन्हा जुळवायचा असतो. आधी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा, पंखा आणि एसी बंद, मोबाइल लांब. हे सगळं सांगायला मला पाच मिनिटं हवी होती.

आणि कृपा करून त्या काट्यावर दारू मोजणं आजच थांबवा. हे दुकानदार म्हणून नाही, वयाने मोठा माणूस म्हणून सांगतोय. दारू जास्त पडली तर रायफल गालाजवळ फुटू शकते. नव्या माणसाने काडतुसं भरण्याच्या पुस्तकात दिलेल्या कमीत कमी मापापासून सुरुवात करायची असते, जास्तीत जास्त मापापासून नाही. तुमच्याकडे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. इथे शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. इथले काही वाचक तुमचा अभिप्राय वाचून चौकशीला येतील, त्यांना आत्ताच सांगतो, त्या कामासाठी आमच्याकडे काटा मिळणार नाही.

परत घेण्याबद्दल: वापरलेला काटा आम्ही परत घेत नाही, हे बिलाच्या मागे छापलेलं आहे. तरी गिरगावात तुमचं कोणी असेल तर पाठवा, बदलून देण्याचं काहीतरी बघतो, वरचा फरक भरावा लागेल. काउंटरवर ‘काय मोजायचंय ते खरं सांगा’ अशी पाटी लावायचं मुलाच्या मनात आहे, बघू. दोन स्टारचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, फक्त ‘गळ्यात मारला’ तेवढं काढता आलं तर काढा.

तुमचं 100 ग्रॅमचं वजन गल्ल्याशेजारच्या खणात डबीत ठेवलंय. डबीवर तुमच्या बिलाचा नंबर लिहिलाय.