वरच्या खोलीची घरपट्टी

माझं झेरॉक्सचं दुकान नगरपालिकेच्या बरोबर समोर आहे. एकवीस वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण उद्या सकाळी परत त्याच दारासमोर शटर उघडायचंय.

या दुकानात बसून गावाची घरपट्टी जेवढी कळते तेवढी मुख्याधिकाऱ्यांनाही कळत नसेल. आकारणी उतारा, लाईटबिल, आधारकार्ड, वारसनोंद, सगळं माझ्या काचेवर उपडं पडतं. कोणाचं घर कोणाच्या नावावर आहे, कोणाच्या उताऱ्यावर अजून मेलेले आजोबा मालक आहेत, कोणाची तीन मजली इमारत कागदावर ‘पत्र्याची खोली, एक’ आहे, मी न वाचताही वाचतो.

सध्या गावात ओरड आहे ती फेरआकारणीची, म्हणजे घरं परत मोजून घरपट्टी नव्यानं ठरवण्याची. नवी बिलं वाटली गेली आणि कट्ट्याकट्ट्यावर एकच विषय. ‘लुटायला बसलेत’, ‘सुविधा काय देता, आधी ते सांगा’, ‘कोणीही भरू नका’. परवा एकानं तर व्हॉट्सॲप ग्रुपवर बिलाची होळी करायचा मेसेज टाकला. त्या बिलाच्या दोन झेरॉक्स त्यानं आधी माझ्याकडून काढून नेल्या होत्या.

आता माझंही सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण शहाणा.

२००९ साली आम्ही घरावर एक खोली चढवली. बांधकामाची परवानगी रीतसर काढली होती. खोली झाली, वास्तुशांत झाली, तिथं पोरगी दहावीला बसली, पास झाली, लग्न होऊन गेली. आकारणीला मात्र ती खोली कधी दिसलीच नाही, कारण मी कधी कळवलंच नाही. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायची, लिपिक खालूनच विचारायचे, ‘काही बदल?’ मी म्हणायचो, ‘काही नाही साहेब.’ ते चहा घेऊन पुढं जायचे. या खेपेला मात्र एजन्सीची दोन पोरं आली. एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याच्या हातात लेझरचं मोजायचं यंत्र. टेप नाही की काही नाही, भिंतीवर लाल ठिपका पडला आणि आकडा आला. एक पोरगा सरळ जिना चढून गेला. खाली येऊन म्हणाला, ‘काका, वरची आरसीसी आहे ना?’ मी म्हणालो, आहे.

मागच्या वर्षी घराचं बिल ३,१४० होतं. यंदा ५,६८० आलं. आणि खोटं कशाला बोलू, मीही हरकत घेतली. अर्जात लिहिलं की ‘सदर आकारणी अवाजवी व अन्यायकारक आहे’. हा मजकूर मला पाठ आहे, कारण त्या आठवड्यात त्याच मजकुराच्या शेकडो प्रती माझ्याच मशीनमधून निघाल्या होत्या.

सुनावणीला गेलो तर हॉल भरलेला. माझ्या पुढं एक वकीलसाहेब होते, त्यांच्या पुढं मंगल कार्यालयवाले. त्यांच्या कार्यालयाची नोंद आजवर गोदाम अशी होती. ते सांगत होते की वर्षातून मुहूर्त किती, पावसाळ्यात धंदा काय. सगळ्यांचं म्हणणं एकच: वाढवा, पण माझं सोडून. माझा नंबर आला. अधिकाऱ्यांनी कागद चाळले आणि एवढंच विचारलं, ‘खोली आहे का नाही?’ आहे म्हटलं. ‘कधीपासून?’ इथं मी जरा पाणी प्यालो.

तर हे झालं माझं. पण त्या हॉलमध्ये तासभर बसून एक गोष्ट डोक्यात पक्की झाली, आणि ती गावातल्या लोकांना आवडणार नाही. कमी घरपट्टी हे आपल्यावरचे उपकार नाहीत. आपला आवाज विकत घ्यायची ती सगळ्यात स्वस्त पद्धत आहे.

कशी ते सांगतो. पूर्वी नगरपालिकेची कमाई जकातीवर, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरच्या करावर चालायची. आमच्या गावच्या वेशीवरचं जकात नाकं मला आठवतं, तिथं आता रसवंती आहे. १९९९ साली नगरपालिकांची जकात बंद झाली आणि बदल्यात सरकारचं सहायक अनुदान सुरू झालं. मोठ्या शहरांची गोष्ट तीच, फक्त उशिरानं. पुण्यात जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, मग तोही गेला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपली. वर्षाला सात हजार कोटींच्या घरातलं ते उत्पन्न होतं. त्याची भरपाई राज्य सरकार देतं, पण भरपाई म्हणजे वरून येणारा पैसा, आपण मिळवलेला नव्हे. आता नगरपालिकेला स्वतःच्या हक्काचं मोठं उत्पन्न म्हणावं तर घरपट्टीच उरली. आणि तीही आपण द्यायची नाही म्हणतो.

मग गाव चालतं कशावर? मी गेल्या वर्षी अंदाजपत्रकाची प्रत मागून घेतली. (झेरॉक्स मीच काढली, स्वतःचेच पैसे स्वतःला दिले.) त्यात दोन प्रकारचा पैसा अगदी वेगळा दिसतो. एक वरून येणारा: वित्त आयोग, राज्य सरकारची नगरोत्थान योजना, ‘वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी विशेष अनुदान’. हे शेवटचं नाव मला फार आवडतं. आमच्या गावात यातलं वैशिष्ट्य म्हणजे स्वागतकमान, आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेले पेव्हर ब्लॉक काढून त्या जागी बसवलेले पेव्हर ब्लॉक. दुसरा पैसा गावचा: त्यातून पंपाचं वीजबिल, फिल्टरची तुरटी, पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, व्हॉल्व्ह सोडणारा माणूस, घंटागाडीचं डिझेल, गटारीच्या जाळ्या.

आता बघा. कमानीचा पैसा जिथून आला तिथं नमस्कार करायचा, म्हणून कमानीवर फोटो कोणाचे असतात ते तुम्हाला माहीत आहे. तुरटीचा पैसा तुमच्या-माझ्या घरपट्टीतून येतो. पण गावची अर्धी घरपट्टी थकीत असेल तर तुरटीबद्दल विचारायला जाणार कोण? ज्याची पाच वर्षांची थकबाकी आहे तो पाण्याला वास येतो म्हणून तावातावानं पालिकेत जातो आणि टेबलावरचा माणूस आधी त्याचा मालमत्ता क्रमांक विचारतो. मग तो गप्प परत येतो. हे मी दुकानातून इतक्या वेळा पाहिलंय की आता जाणाऱ्याची चाल बघूनच ओळखतो. थकबाकी नगरपालिकेलाही सोयीची असते, हे आपल्याला कधी कळणार?

सवलती आणि माफीचं तसंच. पुण्याचं उदाहरण घ्या. तिथं १९७० च्या ठरावापासून स्वतः घरात राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. पुढं राज्य सरकारनं तो ठराव विखंडित म्हणजे रद्द केला आणि सवलत गेली. मग २०२३ मध्ये राज्य सरकारनंच ती परत दिली, आणि हजारो पुणेकर पीटी-३ अर्ज घेऊन आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करायला धावले. पुणेकरांना सवलत मिळाली, आनंद आहे. पण शहरानं स्वतः केलेला ठराव मोडणारेही मुंबईतले आणि जोडणारेही मुंबईतले. महापालिकेला विचारतंय कोण?

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ. घोषणा झाली १ जानेवारी २०२२ ला, निवडणूक तोंडावर आहे असं सगळ्यांना वाटत असताना. ती निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. लहान घरात राहणाऱ्याकडून कर घेऊ नये हे मला पटतं. पण माफी मिळाल्यावर ‘माझ्या पैशाचं काय केलं’ हे विचारायचं तोंड राहतं का, एवढंच मला मुंबईच्या मेहुण्यांना विचारायचंय. ते म्हणतात, ‘तू तुझं गाव बघ.’

बरं, गाव बघतो.

आमच्याकडंही डिसेंबर २०२५ पर्यंत चार वर्षं प्रशासक होता. निवडणूक लागली आणि नोव्हेंबरात उमेदवारी अर्ज भरायच्या आठवड्यात मी जो धंदा केला तो दिवाळीतही होत नाही. उमेदवाराकडं नगरपालिकेची थकबाकी असून चालत नाही, त्यामुळं ना-थकबाकी दाखल्यासाठी रांग. ज्यांना वसुलीचं पथक कधी घरी सापडलं नाही ते स्वतः खिडकीवर उभे. एक इच्छुक तर आठ वर्षांची घरपट्टी रोखीनं भरून पावतीच्या पाच प्रती काढायला आला. मी म्हणालो, ‘अण्णा, आठ वर्षं कुठं होतात?’ अण्णा म्हणाले, ‘परिस्थिती नव्हती रे.’ बाहेर त्यांची गाडी चालू ठेवलेली होती, आत एसी लावून ड्रायव्हर बसला होता.

म्हणजे पैसे असतात. भरायचं कारण नसतं. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४. बँकेनं एवढं व्याज लावलं असतं तर लोकांनी घरातलं सोनं ठेवून कर्ज फेडलं असतं. इथं कोणी घाबरत नाही, कारण मधूनच अभय योजना येते आणि शास्ती माफ होते. आमच्या शेजारच्या आजी पेन्शन आल्या आल्या एप्रिलमध्ये रिक्षानं येऊन घरपट्टी भरतात, पावती पदराच्या गाठीला बांधतात. अभय योजनेची बातमी मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मग मला काय मिळणार?’ काही नाही आजी. ‘मग मी शहाणी का खुळी?’ मी प्रिंटरमध्ये कागद घालायला लागलो.

आता जे लोक म्हणतात सुविधा नाहीत म्हणून भरत नाही, त्यांना एक काम सांगतो. तुमचं बिल हातात घ्या आणि खालच्या ओळी वाचा. आपण फक्त शेवटची बेरीज बघतो. त्यात शिक्षण कर आहे, तो नगरपालिकेचा नाहीच. नगरपालिका तो गोळा करून सरकारकडं भरते, १९६२ च्या कायद्यापासून. दुकानाच्या बिलावर रोजगार हमी कर आहे, तोही तसाच. म्हणजे शाळा गळते म्हणून नगराध्यक्षांना शिव्या घालताना हा पैसा कुठं गेला ते आधी बघावं. पण वृक्ष कर आहे, तो इथलाच. अग्निशमन कर आहे, तोही इथलाच.

मी वृक्ष कराचं विचारलं. वर्षभरात किती जमला आणि किती झाडं लावली. कोणावर राग धरून नव्हे, सहज, चालू वर्षाची पावती हातात धरून विचारलं. पहिल्या टेबलावरून दुसऱ्यावर, तिथून बांधकाम विभागात, तिथून ‘साहेब मीटिंगला गेलेत’. चौथ्या दिवशी एक बाई फाईल घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, ‘दादा, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून वेगळं काढलेलं नाही. पण बेरीज करून देते.’ त्यांनी माझ्याच कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. आकडा इथं टाकत नाही, लेखी आल्यावर टाकेन. आता अग्निशमनाचं विचारणार आहे. पालिकेच्या आवारातला तो लाल बंब गेले कित्येक महिने त्याच जागी उभा आहे, त्याच्या चाकाखाली गवत आलंय, आणि ते गवत मला काउंटरवरून दिसतं.

कमेंटमध्ये लगेच येईल की भ्रष्टाचाराचं काय, ठेकेदाराचं काय. आहेच की. टक्केवारी कोणाला माहीत नाही? माझ्याकडं निविदेच्या सुद्धा झेरॉक्स निघतात. पण चोर आहे म्हणून घराला कुलूप लावायचं सोडून आपण हिशेबाची वहीच विहिरीत टाकतोय. न भरणाऱ्यानं ठेकेदाराचं काय वाकडं केलंय आजवर? कमान तर झालीच.

माझी हरकत फेटाळली, हे सांगायचं राहिलं. आदेशाची प्रत काल मिळाली. वरची खोली १८० चौरस फूट, आरसीसी, स्वतःच्या वापरात. मागची सतरा वर्षं कोणी काढली नाहीत, मीही काढली नाहीत. शास्ती लागायच्या आत सोमवारी भरतोय. ज्यांनी मार्च उजाडेपर्यंत थांबायचं ठरवलंय, त्यांनी पावतीची झेरॉक्स काढायला येताना सुटे पैसे घेऊन या, त्या गर्दीत मला परत द्यायला सुटे नसतात.